वरच्या वहिनींची उडी

आमच्या वरच्या वहिनींइतकं दणदणीत पाऊल त्या काळच्या उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचं असेल, यावर माझा विश्वास नाही. कोणाला शंका असेल तर त्याने बोईसरला आमच्या जुन्या इमारतीत जावं आणि तळमजल्यावरच्या आमच्या त्या वेळच्या घराचं छत पाहावं. पंख्याच्या कडीभोवती गिलाव्याला एक गोल भेग गेली आहे, ती वहिनींची. मी शाळेत शिक्षिका, दिवसभर घंटेवर जगणारी. पण घरी आले की मला घड्याळाची गरज पडत नसे. धप् धप् धप् असा आवाज मोरीकडे गेला की समजावं, नळाला पाणी आलं. तोच आवाज गॅलरीकडे आला की कारखान्याची पहिली पाळी सुटली. आवाज गॅलरीत थांबला आणि आमच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या थांबल्या की वहिनींचे यजमान वळणावर दिसले असं खुशाल धरून चालावं. त्यांना आम्ही भाऊजी म्हणत असू.

बरं, वहिनी देहाने काही फार मोठ्या होत्या असंही नाही. उंची बेताची, अंगाने जरा भरलेल्या, चार बायकांत उभ्या राहिल्या तर वेगळ्या ओळखू येऊ नयेत अशा. सगळी ताकद टाचेत. त्या कराडकडच्या. "आमी खळ्यावर मळणी तुडवली हाय, बाई. बैलं दमायची, मी न्हाई," असं त्या अभिमानाने सांगत. (मला सगळी इमारतच 'बाई' म्हणायची.) बोलणंही पावलासारखंच. जिना उतरून येऊन बोलणं त्यांना साफ नामंजूर होतं. गॅलरीच्या कठड्यावर पोट टेकवायचं आणि तिथून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गप्पा मारायच्या. त्यामुळे आम्हा दोघींचं गुपित असं कधी काही राहिलंच नाही; समोरच्या इमारतीतल्या बायकाही मधूनमधून आपलं मत द्यायच्या. बोलणं संपलं की दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली यायची. तिच्यात कधी थालीपीठ, कधी खरडा, तर कधी काहीच नाही. रिकामी टोपली याचा अर्थ, वरची साखर संपली.

वहिनींना मूलबाळ नव्हतं आणि स्वस्थ बसणं तर रक्तातच नव्हतं. कुठे काही नवीन शिकवतात असं कानावर आलं की त्यांना घरात बसवत नसे. स्टेशनजवळ टायपिंगचा वर्ग निघाला, वहिनी गेल्या, आणि यंत्राची एक कळ हातात घेऊन परत आल्या. पेटी शिकायला गेल्या. पेटीवाल्या गुरुजींना पुढे गावी जमीन करायची इच्छा झाली. केक शिकून आल्या तेव्हा पहिला केक टोपलीतून आमच्याकडे उतरला, आणि टोपलीचा तळ गेला. शिवणाच्या वर्गात त्यांनी भाऊजींसाठी आकाशी रंगाचा शर्ट शिवला. त्याच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. खिसा मात्र अप्रतिम झाला होता, चांगला तळहाताएवढा खोल, दुहेरी शिलाईचा. "बाह्यांचं काय घेऊन बसलाय," वहिनी म्हणाल्या, "माणूस खिशानं वळखावा." भाऊजी तो शर्ट घालून मुकाट्याने फिरत. डावा हात वर करायची वेळ आली की उजवा करत.

भाऊजी तारापूरकडच्या कारखान्यांपैकी एका रंगाच्या कारखान्यात होते. कपड्यांचे रंग तिथे बनत. आज कारखान्यात काय शिजतंय हे आम्हाला भाऊजींच्या नखांवरून कळे. कधी हळदी, कधी किरमिजी, एकदा तर गणपतीत चांगले मोरपंखी हात घेऊन आरतीला उभे होते. बोलायचं काम त्यांनी लग्न झालं तेव्हाच वहिनींकडे सोपवलं असावं. स्वतःकडे त्यांनी 'हं' आणि 'बरं' हे दोनच शब्द ठेवले होते, आणि त्या दोन शब्दांत त्यांचा संसार छान चालला होता.

वहिनींची एक सवय मला सुरुवातीला फार गमतीची वाटे. कारखान्यांचे भोंगे पाळ्यांच्या वेळी वाजत, त्याचं कोणालाच काही नसे. पण अवेळी, म्हणजे कुठे अपघात झाल्याचा, भोंगा वाजला की वहिनी हातातलं काम टाकून खाली वाकत आणि दोन्ही पायांतली जोडवी चाचपून पाहत. भर रस्त्यात, भाजीच्या गाडीपाशी, एकदा तर हळदीकुंकवाला अत्तरदाणी हातात असताना. मी हसले तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं जोडवं विहिरीवर धुणं धुताना निसटून पाण्यात गेलं होतं आणि त्याच महिन्यात तिचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. मी आपली शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "अहो वहिनी, योगायोग असतो तो." "आसंल की," त्या म्हणाल्या. "पर माझा माणूस रोज त्या उकळत्या टाक्यांपाशी उभा असतोय. मी कशापायी योगायोग बघत बसू?" त्यानंतर मी हसले नाही.

अशा या वहिनींच्या आयुष्यात बॅले नाच आला तो माझ्या मुलीमुळे. तारापूरला एक पारशी बाई मुंबईतली नोकरी संपवून वडिलांच्या घरी राहायला आल्या होत्या. मुंबईच्या कुठल्याशा शाळेत त्यांनी जन्मभर मुलींना हा परदेशी नाच शिकवला होता, आणि तारापूरच्या शांततेचा त्यांना महिन्याभरात कंटाळा आला. शनिवारी दुपारी त्या एस.टी.ने बोईसरला येत, मांडीवर दुलईत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर घेऊन, आणि आमच्या शाळेच्या हॉलमध्ये वर्ग घेत. सगळे त्यांना 'मिस' म्हणत. माझी रेणू तेव्हा दुसरीत होती. तिने हट्ट धरला. मला शनिवारी पेपर तपासायचे असत. तेव्हा गॅलरीतून आवाज आला, "मी निते की तिला! मला काय काम हाय?"

पोचवायला आलेल्या मंडळींनी व्हरांड्यात बसावं, असा मिसचा नियम होता. वहिनी पहिल्या शनिवारी व्हरांड्यात बसल्या. दुसऱ्या शनिवारी उंबऱ्यावर. तिसऱ्या शनिवारी मिसने मागे वळून पाहिलं तर सात-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेमागे ही बाई हात कमानीसारखे वर धरून उभी. "बसून बसून पाय आखडलं म्हणून उभी ऱ्हायले," वहिनींनी मला नंतर समजावून सांगितलं. "उभी ऱ्हायले तर हात आपसूक वर गेलं." मिस म्हणाल्या, "बाई, तू पण शिकते काय?" वहिनी म्हणाल्या, "शिकवताय का?" "वय किती तुझा?" "तुमच्यापरीस कमीच." मिस इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली, आणि वहिनींचं नाव वर्गात दाखल झालं.

पोशाखाचा प्रश्न आला. मुलींना पांढरे फ्रॉक होते. वहिनींनी ट्रंकेतून आईचं नऊवारी काढलं आणि कासोटा घट्ट मारून त्या हजर झाल्या. मिसने क्षणभर डोळे मिटले. उघडल्यावर म्हणाल्या, "गुडघा दिसते, पाय दिसते. चालेल." मग खिडकीचे गज धरून पहिला धडा सुरू झाला. टाचा जुळवायच्या, चवडे बाहेर, पाठ ताठ आणि गुडघे हळूहळू वाकवायचे, पण बसायचं नाही; पुन्हा वर यायचं, पण पुरतं उठायचं नाही. वहिनींनी दोन-चारदा करून पाहिलं आणि मग गज सोडून हात कमरेवर ठेवले. "मिसबाय, बसू का उठू, एक काय ते ठरवून सांगा. माणसाला मधीच टांगून ठेवू नका." रेणू घरी येऊन हे सगळं साग्रसंगीत करून दाखवायची. आमच्या घरी शनिवार संध्याकाळचा स्वयंपाक त्यामुळे नेहमी करपायचा.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिन्यात पुरुषमंडळी उगीच खाकरू लागली. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं कोणीतरी ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं. वहिनींनी वरूनच उत्तर दिलं, "अंगण सपाट हाय वो! आमीच वाकडं हाय, तेच सरळ करायला जातोय!" नवापूरहून मासळी घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवून ओट्यावर बसायची आणि वहिनींना गॅलरीत एक पाय मागे ताणून उभ्या बघून गालाला हात लावायची. "वयनी, ह्यो कुठला नाच? ढोल नाय, ताशा नाय, आन् बाय एका पायावर उबी हाय. आमचे नवापूरला बगले उबे ऱ्हातात असे!" "बगळा मासा तरी धरतो," वहिनी वरून म्हणाल्या, "मी काय धरू?" "तुमी भिंत धरा, नायतर खाली याल माज्या पाटीत!"

सगळं जमत चाललं होतं, फक्त उडी जमेना. उडी म्हणजे जमिनीपासून वीतभर वर जायचं आणि पिसासारखं उतरायचं. वहिनी वर जात तेव्हा ठीक असे. उतरत तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवलेल्या रेकॉर्ड प्लेअरची सुई टुणकन उडे आणि गाणं कुठल्या कुठे जाई. कधी चार सुरांमागे, कधी एकदम शेवटाला. मुली बिचाऱ्या पुन्हा पहिल्यापासून. काही दिवसांनी मुलींना त्याची इतकी सवय झाली की वहिनींची उडी आली की त्या आपणहून पुढचा सूर सोडून द्यायच्या. मिस कपाळावर हात मारून म्हणत, "अरे बाई, तू काय बैल आहे? मांजर हो नी, मांजर! मांजर भिंतीवरून उतरते, कधी आवाज येते?"

दिवाळीनंतर पालघरला एका शाळेच्या पटांगणात मुलांच्या कार्यक्रमांचं संमेलन होतं, आणि मिसच्या वर्गाचा एक नाच त्यात ठरला. मिसने वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "मागच्या रांगेत एक जागा आहे. सुई उडली नाय, तर जागा तुझी." वहिनी घरी आल्या त्या तडक गॅलरीत, आणि ही अट सबंध गल्लीला कळली. मी म्हणाले, "वहिनी, एवढं काय त्याचं? हौस म्हणून शिकताय ना?" त्या दिवशी पहिल्यांदा त्या जिना उतरून माझ्याकडे आल्या. स्टुलावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि खालच्या आवाजात बोलल्या. "आजवर जे जे शिकले ते अर्ध्यावर सुटलं, बाई. ह्ये एक तरी तडीला न्यायचं हाय. आन् दुसरं असं, ह्यांनी मला इतकी वर्सं राबताना बघितलंय. भांडी घासताना, पाणी भरताना, रडताना बी. नाचताना एकदा बघावं, असं वाटतंय." बोलून झाल्यावर लाजल्या आणि ओट्यावरचा माझा लसूण सोलायला घेतला. या बाईला मी रोज ऐकत होते, आणि तरी हे मला ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी परीक्षक झाले. वहिनी वर उडी मारत आणि गॅलरीत येऊन विचारत, "आला का?" म्हणजे आवाज आला का. मी खालून सांगे, "आला!" पुन्हा धप्. "आला का?" "आला!" मी शाळेत असले तर आमचे हे सांगत. ते नसले तर दूधवाला, पेपरवाला, जो कोणी दारात असेल तो सांगे. हळूहळू समोरच्या इमारतीतूनही "आला, आला!" असं येऊ लागलं. एकदा आमच्याकडे रेणूच्या आत्याचे दीर पहिल्यांदाच आले होते. ते चहाचा कप तोंडाला लावतात तो छतातून धप् झालं, वरून "आला का?" म्हणून हाक आली, आणि आमच्या घरातली सगळी माणसं वर तोंड करून एका सुरात "आला!" म्हणून ओरडली. ते गृहस्थ कपबशी ठेवून उठले आणि म्हणाले, "नाही, मी निघतोच आता."

पण वहिनींनी सोडलं नाही. टाच आधी टेकते तिथे चूक आहे, आधी चवडा टेकायचा, मग बाकीचा पाय, असं मिसने दाखवलं होतं. वहिनी पाणी भरताना चवड्यावर चालू लागल्या, पोळ्या लाटताना चवड्यावर उभ्या राहू लागल्या. आमच्या छतातला दणका आधी धपाटा झाला, मग थाप झाला, मग नुसतं कोणी उशी टाकावी तसं काहीतरी. वाट्या थरथरायच्या थांबल्या. आणि एका रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत बसले असताना गॅलरीतून आवाज आला, "आला का?" मी म्हणाले, "मारा की आधी." मग वहिनी किंचाळल्या, "आवं, मारली! तीनदा मारली!" मी सूप टाकून अंगणात धावले. समोरच्या बायका गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवायला लागल्या, आणि वरून टोपली आली ती बेसनाच्या लाडवांनी गच्च भरलेली. मला आनंदाने रडू आलं हे मी इथे लिहूनच टाकते.

मग बुटांचं निघालं. या नाचाचे बूट मऊ, गुलाबी असतात, ते बोईसर-पालघरला कुठून मिळणार? पालघरच्या एका चांभाराने मिसच्या जुन्या बुटाचा नमुना पाहून सगळ्यांना कॅनव्हासचे शिवून दिले. पांढरे. भाऊजींनी काही न बोलता सगळे जोड पिशवीत घातले, कारखान्यात नेले आणि गुलाबी करून आणले. गुलाबी कसले, राणी कलरच तो, लग्नातल्या शालूसारखा. पहिल्याच तालमीत घामाने रंग उतरला आणि वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींचे पाय घोट्यापर्यंत गुलाबी झाले. आठवडाभर ते धुऊन जाईनात. वहिनींना वाण्याने विचारलं, "घरात कार्य आहे का हो?"

पण खरी अडचण रंगाची नव्हती. अनवाणी पायांनी वहिनी मांजर झाल्या होत्या. बूट चढले आणि आतून टक् असा आवाज यायला लागला. जोडवी. कॅनव्हासखाली ती बोटांत रुतत, चवडा टेकला की वाजत. दोन तालमींत उजव्या बुटाला आतून भोक पडलं आणि बोटातून रक्त आलं. पालघरचा रंगमंच बाकांवर फळ्या टाकून केलेला, त्यावर तर ढोलकीसारखं वाजलं असतं. मिस म्हणाल्या, "ते काढ. दहा मिनिटाचा काम." वहिनींनी बूट काढले, पिशवीत घातले आणि रेणूचा हात धरून घरी आल्या.

मग वर आवाजच नाही. टोपली नाही, "आला का" नाही. मला ती शांतता सहन होईना, तेव्हा मी जिना चढून गेले. वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. भाऊजी कोपऱ्यात चहा पीत होते. "नाच ऱ्हायला तर ऱ्हायला, बाई," वहिनी वर न बघता म्हणाल्या. "एवढं सगळं शिकले, अर्ध्यात सुटलं. ह्ये बी सुटलं. जोडवी न्हाई काढायची मी." जोडवी मीही घालत होते, पण सवयीने. त्यांच्या पायात होती ती भाऊजींची राखण होती. मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी बशीकडे बघून म्हणाले, "हं."

कार्यक्रमाच्या दिवशी वहिनी पालघरला आल्या, पण मुलींच्या वेण्या घालायला म्हणून. अंगावर साधी पाचवारी, पिशवीत नऊवारी आणि बूट. "इसरून आलं पिशवीत," म्हणाल्या. पडद्यामागे त्या एकेक वेणी इतकी घट्ट घालत होत्या की मुलींच्या भुवया वर गेल्या होत्या. पहिली पाळी सुटून बराच वेळ झाला होता. इतक्यात भाऊजी आले. तोच आकाशी शर्ट, दोन्ही बाह्या उजव्या, नखं जांभळी. सरळ वहिनींपाशी आले आणि सगळ्यांदेखत त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"काढ," म्हणाले.

"काय?"

"जोडवी. कशापायी घालतेस? मी हाय म्हणून. मग मी हितंच हाय की. म्होरं बसतो, तुझ्या डोळ्यांसमोर. नाच होईस्तवर ती माझ्या खिशात ऱ्हातील. मी कुठं जातोय?"

इतकं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून ना आधी ऐकलं ना नंतर. वहिनींनी भिंतीला हात टेकून एक पाय पुढे केला, मग दुसरा. बोटं सुजली होती, जोडवी लवकर निघेनात. भाऊजींनी वेळ घेतला, पण दुखवलं नाही. ती खिशात टाकून त्यांनी वरून तळहात दाबला आणि जाऊन पहिल्या रांगेत, तिथल्या मुख्याध्यापकांच्या शेजारी बसले. मी आणि मिसने मिळून वहिनींना कासोटा मारून दिला.

पडदा सरकला. पुढे फ्रॉकमधल्या मुली, मागे नऊवारीत वहिनी. लोकांत आधी खसखस पिकली, शिट्टीही आली. सूर सुरू झाले. वहिनी समोरच्या आकाशी शर्टावर नजर रोवून नाचत होत्या. हात वर, मान ताठ, गुडघे ना बसलेले ना उठलेले. भाऊजींचा तळहात खिशावरून हलला नाही. पहिली उडी झाली. सुई उडाली नाही. दुसरी झाली. लोक गप्प झाले होते. आणि अचानक टुणकन सुई उडाली, गाणं मागे गेलं, मुली गोंधळून थांबल्या. आम्ही सगळ्यांनी आणि मुलींनी, काय सवय असते पाहा, एकदम वहिनींकडे पाहिलं. वहिनी रंगमंचावरून हात करून ओरडल्या, "मी न्हाई! मालगाडी हाय!" खरोखरच पटांगणामागच्या रुळांवरून मालगाडी चालली होती आणि सगळ्या फळ्या हादरत होत्या. पालघरकर इतके हसले, इतके हसले, की गाडी कधी गेली ते कळलं नाही. मिसने सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. आणि या वेळी सगळा नाच, शेवटच्या उडीपर्यंत, तडीला गेला.

मुली ओळीने वाकून नमस्कार करत होत्या तेव्हा वहिनी रांगेत नव्हत्या. त्या पायऱ्या उतरून थेट पहिल्या रांगेत गेल्या होत्या, बूट काढून हातात घेतले होते, आणि गुलाबी झालेला पाय भाऊजींसमोर धरून उभ्या होत्या. "घाला लवकर." भाऊजींनी घातली. मुख्याध्यापक भलतीकडे बघत टाळ्या वाजवत होते. "कसं झालं?" वहिनींनी विचारलं. भाऊजी म्हणाले, "बरं." वहिनींनी आयुष्यभर ते 'बरं' लोकांना सांगितलं.

पुढे वर्ग फार दिवस चालला नाही. मिसना एस.टी.चा प्रवास झेपेना. पण वहिनींची टाच जी उचलली गेली ती कायमची. त्यानंतर त्या वर असून नसल्यासारख्या झाल्या. मला पुन्हा घड्याळ घ्यावं लागलं. नव्वद सालाच्या पुढे-मागे भाऊजी निवृत्त झाले आणि दोघं कराडजवळ गावी गेली. जाताना वहिनींनी ती टोपली दोरीसकट मला दिली. वर दुसरं बिऱ्हाड आलं, ते दणादण चालायचं. पण त्यातून मला काही कळायचं नाही. तो नुसता आवाज होता.

भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मी आणि रेणू भेटायला गेलो. लहानसं घर, शहाबादी फरशी, दारात शेवगा. वहिनी वाळल्या होत्या. कपाळ मोकळं होतं, गळ्यात काही नव्हतं. बसल्या बसल्या माझी नजर खाली गेली आणि तिथेच थांबली. दोन्ही पायांत जोडवी होती. वहिनींच्या ते ध्यानात आलं.

"भावकीतल्या बायका आल्या होत्या काढायला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हात लावू नका. एकदा काढली होती ती त्यांनी काढली होती, आन् त्यांनीच परत घातली. त्यो आकाशी शर्ट मी त्यांच्या अंगावरच घातला जाताना. आता काढून ठेवू कुणाच्या खिशात?"

रेणू खिडकीबाहेर बघू लागली. वहिनींनीच माझ्या हातावर थोपटलं आणि चहा टाकायला उठल्या. सवयीने मी कान दिला. स्वयंपाकघरापर्यंत पावलांचा आवाज मुळीच आला नाही. फरशीवर जोडवी तेवढी वाजत गेली.